मटकी टांगण्याआधी: घरात बजरीगर आणि कॉकटीलची पिल्ले काढताना

बजरीगरची तरुण, धडधाकट जोडी एकत्र असेल, खायला मुबलक असेल आणि तुम्ही पिंजऱ्याला अंडी घालण्यासाठी मातीची एक मटकी बांधलीत, तर महिन्याभरात अंडी दिसण्याची शक्यता दाट असते. पैदास सुरू करणे एवढे सोपे आहे आणि घोळही तिथूनच सुरू होतात. बजरीगर आणि कॉकटील हे दोन्ही ऑस्ट्रेलियाच्या कोरड्या मुलखातले छोटे पोपट. पाऊस पडला, गवताला बी धरले, झाडाला ढोली मिळाली की झपाट्याने पिल्ले काढायची आणि दुष्काळ पडला की थांबायचे, ही त्यांची मूळ रीत. घरच्या पिंजऱ्यात दुष्काळ येतच नाही. दाणे कायम भरलेले, मटकी कायम टांगलेली, त्यामुळे मादी एकामागून एक अंडी घालत राहते आणि दीड-दोन वर्षांत खंगते. म्हणून इथे पायऱ्यांचा क्रम मुद्दाम उलटा ठेवला आहे. दुकानातून बहुतेक जण पक्ष्यांबरोबर मटकीही घेऊन येतात. तिचा नंबर या लेखात बराच उशिरा लागतो.

आधी कायदा, मग रंग

आपला हिरवा, गळ्याभोवती गुलाबी कंठ असलेला राघू, त्याहून मोठा करण पोपट आणि जांभळट डोक्याचा तोईपोपट हे भारतीय पक्षी आहेत. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने त्यांना संरक्षण आहे. ते पकडणे, विकणे, विकत घेणे आणि पिंजऱ्यात ठेवणे हा गुन्हा असून त्यासाठी दंड आणि तुरुंगवास दोन्ही होऊ शकतात. आठवडी बाजारात पिल्ले उघड विकली जातात म्हणून ते कायदेशीर ठरत नाही. निळे किंवा पिवळे ‘रिंगनेक’ हीसुद्धा त्याच राघूची रंगरूपे आहेत. रंग बदलला तरी जात तीच. नवशिक्याने या वाटेला जाऊच नये.

परदेशी पोपटांमध्ये दोन गट आहेत. धोक्यातल्या प्रजातींच्या व्यापारावरचा ‘साइटीस’ हा आंतरराष्ट्रीय करार जवळजवळ सगळ्या पोपटवर्गीय पक्ष्यांना लागू होतो. त्यातून वगळलेले मोजके पक्षी म्हणजे बजरीगर, कॉकटील, पीच-फेस लव्हबर्ड आणि आपला राघू. राघूला आपल्याकडे देशाचा कायदा आहेच, म्हणजे घरच्या पैदाशीसाठी कागदपत्रांची कटकट नसलेले तीनच उरतात. २०२२ मध्ये वन्यजीव कायद्यात दुरुस्ती झाली आणि साइटीसच्या यादीतले प्राणी-पक्षी कायद्याच्या चौथ्या अनुसूचीत आले. २०२४ च्या नियमांनुसार असा पक्षी घरी आला की ३० दिवसांत ‘परिवेश’ या सरकारी संकेतस्थळावर नोंद करावी लागते. पुढे पिल्ले झाली किंवा पक्षी दगावला, तर तेही कळवावे लागते. सन कोन्यूर या गटात येतो. आफ्रिकन ग्रे तर त्याहून कडक यादीत आहे आणि त्याच्या पैदाशीला परवाना लागतो.

बरेच जण फसतात ते लव्हबर्डमध्ये. पीच-फेस यादीबाहेर आहे, पण डोळ्यांभोवती पांढरे कडे असलेले फिशर आणि मास्क्ड लव्हबर्ड यादीत आहेत. दुकानदार तिन्ही एकाच पिंजऱ्यात, एकाच नावाने विकतो. आपल्याकडे तर कित्येक दुकानांत बजरीगरलाही ‘लव्हबर्ड’च म्हणतात, त्यामुळे नावावर न जाता पक्षी पाहून घ्या आणि पावतीवर प्रजाती लिहून मागा.

पुढचे सगळे बजरीगर आणि कॉकटीलबद्दल आहे. सुरुवातीला लव्हबर्ड नको म्हणण्याचे कारण कायद्याखेरीज आणखी एक आहे: नर-मादी दिसायला सारखेच असतात. दोन माद्या एकत्र आल्या की जोडी जमल्यासारख्याच वागतात, आठ-दहा अंडी घालतात आणि एकही फुटत नाही. पिसाची किंवा रक्ताची डीएनए तपासणी केल्याशिवाय खात्री होत नाही.

पिल्ले जाणार कुठे?

हा हिशेब जोडी आणण्यापूर्वी कागदावर करा. बजरीगरची मादी एका वेळी साधारण ४ ते ६ अंडी घालते. वर्षाला दोनच वेळा पिल्ले काढू दिलीत आणि प्रत्येक वेळी ४ वाचली, तरी एका जोडीची वर्षाला ८ पिल्ले होतात. तीन जोड्यांची २४. ती वेगळी ठेवली नाहीत तर वर्षाच्या आत भावंडेच आपसात जोड्या लावतात.

मित्र आणि शेजारी पहिली सहा-आठ पिल्ले हौसेने नेतात. त्यानंतर फोन उचलले जात नाहीत. दुकानदार घेतो, पण स्वतः विकतो त्याच्या निम्म्याहून कमी भावात, आणि पुष्कळदा पैशांऐवजी दाण्याच्या पिशव्या देतो. हिरव्या-निळ्या साध्या बजरीगरच्या पैदाशीतून दाणे, पिंजरे आणि डॉक्टर यांचा खर्च निघत नाही, हे आधीच मान्य करून पुढे जावे. पिल्ले विकण्याचा नियमित धंदा करायचा असेल, तर २०१८ चे पेट शॉप नियम आणि राज्य प्राणी कल्याण मंडळाची नोंदणी यांची चौकशी सुरुवातीलाच करून घ्या.

‘जास्त झाली तर सोडून देऊ’ हा पर्याय नाही. पिंजऱ्यात जन्मलेल्या बजरीगरला बाहेर अन्न शोधता येत नाही, आणि पिवळा किंवा पांढरा पक्षी उघड्यावर दिसला की कावळे आणि शिक्रा त्याला तासाभरात गाठतात.

जास्तीची पिल्ले वर्षभर ठेवता येतील एवढा मोठा रिकामा पिंजरा घरात नसेल, तर पैदास सुरू करू नका. तीन फूट लांब, दीड फूट रुंद आणि दोन फूट उंच पिंजऱ्यात आठ बजरीगर नीट राहतात.

घरातली हवा आणि माणसे

कॉकटीलच्या पिसांतून पांढरी भुकटी सतत झडते. पंख्याच्या पात्यांवर आठवड्यात थर जमतो. घरात कोणाला दमा असेल तर कॉकटील नकोच. कबुतरांमुळे होणारा फुप्फुसाचा आजार आता लोकांच्या कानावर आहे. तोच आजार पिंजऱ्यातल्या पोपटांची भुकटी आणि सुकलेली विष्ठा यांमुळेही होतो. झोपण्याच्या खोलीत पैदाशीचे पिंजरे ठेवू नका, आणि विष्ठा कोरडी खरवडण्याआधी पाण्याचा फवारा मारून ती ओली करा.

दुसरा धोका सिटॅकोसिसचा, म्हणजे पोपटांकडून माणसाला होणाऱ्या जिवाणूसंसर्गाचा. ताप, अंगदुखी आणि कोरडा खोकला अशी सुरुवात होते, त्यामुळे घरात कोणाला असे झाले तर डॉक्टरांना ‘घरात पोपट आहेत’ हे आपणहून सांगायचे. नाहीतर साध्या तापाची औषधे घेण्यात आठवडा जातो.

पक्ष्यांनाही घरातले बरेच काही सोसत नाही. नॉनस्टिक तवा रिकामा तापला तर त्याच्या वाफेने पक्षी काही मिनिटांत मरतात, आणि ती वाफ माणसाला जाणवतही नाही. मच्छर कॉइल, धूप, उदबत्ती, झुरळांचा फवारा आणि रंगकाम या सगळ्यांपासून पिंजरा दूर हवा. पैदाशीच्या वेळी घरात रंगाचे काम काढायचे असेल तर दोन्हींतले एक पुढे ढकला.

आवाजाचाही विचार करा. एक-दोन जोड्यांचा त्रास होत नाही, पण दहा बजरीगर उजाडल्यापासून अखंड किलबिलतात. भिंतीपलीकडे रात्रपाळीचा शेजारी असेल तर सोसायटीच्या पुढच्या बैठकीत तुमचे नाव येणारच.

जोडी: वय, लिंग, वजन

बजरीगरची ओळख चोचीवरच्या, नाकपुड्यांभोवतीच्या मांसल पट्टीवरून होते. प्रौढ नराची ती निळी असते. मादीची फिकट पांढरट-निळसर ते तपकिरी असते आणि अंड्यावर येताना गडद तपकिरी, खरबरीत होते. पिल्लांत नराची पट्टी सगळीकडे सारखी गुलाबी-जांभळी दिसते, तर मादीच्या नाकपुड्यांभोवती पांढरट कडी असतात. अडचण लुटिनो (संपूर्ण पिवळा) आणि अल्बिनो (संपूर्ण पांढरा) या रंगांत येते; त्यांच्या नराची पट्टी मोठेपणीही गुलाबी-जांभळीच राहते. राखाडी कॉकटीलमध्ये सहा-नऊ महिन्यांत नराचा चेहरा पिवळा होतो आणि तो शीळ घालायला लागतो. मादीच्या शेपटीखाली आडवे पट्टे कायम राहतात.

वयाच्या बाबतीत घाई करू नका. बजरीगरची मादी चार-पाच महिन्यांची असतानाही अंडी घालू शकते, पण तिचे हाड अजून भरलेले नसते. तिला किमान १० ते १२ महिने होऊ द्या. कॉकटीलला दीड वर्ष. चार वर्षांच्या पुढच्या मादीकडून पिल्ले काढू नका. दुकानातला ‘ब्रीडिंग पेअर’ विशेष सावधपणे घ्यावा, कारण कोणी चांगली चालणारी जोडी सहसा विकत नाही. विकायला येते ती थकलेली, अंडी फोडणारी किंवा पिल्लांची पिसे उपटणारी. पायात जन्मवर्षाची कडी नसेल तर प्रौढ पक्ष्याचे वय कळतच नाही, म्हणून तीन-चार महिन्यांची पिल्ले आणून घरी वाढवणे शहाणपणाचे. कपाळावर अगदी चोचीपर्यंत आडव्या रेघा असतील तर बजरीगर चार महिन्यांच्या आतला आहे. मात्र लुटिनोसारख्या पिवळ्या-पांढऱ्या रंगांत ही खूण दिसत नाही. नर आणि मादी वेगवेगळ्या ठिकाणांहून घ्या, म्हणजे भावंडे येणार नाहीत.

एक ग्रॅमपर्यंत मोजणारा स्वयंपाकघरातला वजनकाटा घ्याच. बजरीगर साधारण ३० ते ४० ग्रॅमचा असतो, कॉकटील ८० ते १००. वजनासोबत छातीचे हाड बोटाने चाचपा. ते सुरीच्या धारेसारखे लागले तर पक्षी रोड आहे, दोन्ही बाजूंचे मांस फुगून हाडाच्या जागी खळगा लागला तर लठ्ठ. लठ्ठ मादीचे अंडे अडकण्याचा धोका जास्त, रोड मादी पिल्ले अर्धवट सोडते. दोघींनाही मटकी नाही.

रंगांविषयी थोडेच सांगायचे आहे. लुटिनो नर आणि साधी हिरवी मादी लावली तर सगळ्या माद्या लुटिनो आणि सगळे नर हिरवे निघतात. म्हणजे पिसे फुटताच लिंग कळते. उलट लावले तर हा फायदा नाही. कॉकटीलमध्ये लुटिनोला लुटिनो सतत लावत गेल्यास तुऱ्यामागचे टक्कल पिढ्यान्‌पिढ्या वाढत जाते.

विलगीकरण आणि डॉक्टर

नवा पक्षी ३० ते ४५ दिवस वेगळ्या खोलीत ठेवा. दुसऱ्या खोलीतला साधा कोपरा चालतो, पण त्याच खोलीतला दुसरा पिंजरा चालत नाही. त्याची भांडी वेगळी, आणि त्याचे काम शेवटी, मग हात धुणे. या काळात पाहायचे ते असे: चोचीच्या कडेला आणि पायांवर मधमाशीच्या पोळ्यासारखी छिद्राळ, पांढरट खपली दिसली तर ते खरजेच्या किड्यांचे काम आहे, औषध सोपे आहे, पण मात्रा थेंबात असते आणि ती डॉक्टरांनीच द्यावी. भरपूर खाऊनही वजन उतरत असेल आणि विष्ठेत अख्खे दाणे दिसत असतील तर जठरातला बुरशीसंसर्ग असू शकतो. शेपटी आणि पंखांची मोठी पिसे गळालेली, उड्या मारत चालणारी पिल्ले ज्या दुकानात दिसतील तिथून काहीच आणू नका. त्यामागे बहुतेकदा विषाणू असतो आणि तो मटकीत शिरला की हंगाम संपला.

डॉक्टर आधी शोधून ठेवा. कुत्र्या-मांजरांचे सगळेच डॉक्टर पक्षी तपासत नाहीत, म्हणून फोन करून स्पष्ट विचारा: पोपट पाहता का, रात्री पाहता का, अडकलेले अंडे हाताळले आहे का? मुंबईत परळचे बैलघोडा रुग्णालय परिचयाचे आहे. मुंबई, नागपूर, परभणी, उदगीर आणि शिरवळ येथे पशुवैद्यकीय महाविद्यालये आहेत. जवळच्या महाविद्यालयात चौकशी करून ठेवावी.

पिंजरा आणि त्याची जागा

एका जोडीला एक पिंजरा, हाच नियम. मोठ्या पिंजऱ्यात पाच-सहा जोड्या सोडून ‘कॉलनी’ करणे दिसायला छान वाटते, पण माद्या एका मटकीसाठी रक्त निघेपर्यंत भांडतात, दुसरीची अंडी फोडतात, पिल्ले मारतात. शिवाय कोणते पिल्लू कोणाचे, याचा पत्ता लागत नाही.

बजरीगरच्या जोडीला कमीत कमी २४ इंच लांब, १६ इंच रुंद आणि १६ इंच उंच पिंजरा. कॉकटीलला ३६ बाय २४ बाय २४. लांबी महत्त्वाची, कारण पक्षी आडवा उडतो. जाळीचे अंतर अर्ध्या इंचापेक्षा जास्त नको. नवी जस्ताचा मुलामा दिलेली जाळी व्हिनेगरने ब्रशने घासून, धुऊन, उन्हात वाळवूनच वापरा. पक्षी जाळी चोचीने कुरतडतात आणि सुटे जस्त पोटात गेले तर विषबाधा होते.

बसायच्या काठ्या गोल गुळगुळीत प्लास्टिकच्या नकोत. पेरू किंवा कडुनिंबाच्या कमीजास्त जाडीच्या फांद्या घट्ट बसवा. काठी हलत असेल तर मिलन नीट होत नाही आणि अंडी फुकट जातात. सगळी अंडी रिकामी निघाली की लोक नर बदलतात. आधी काठी हलवून पाहावी.

गॅलरीत ठेवणार असाल तर तीन बाजू झाकलेल्या हव्यात. कावळे जाळीतून पाय ओढतात, मांजर रात्री येते, उंदीर दाण्यांसाठी येतो आणि पिल्लांवर थांबतो. सगळ्यांत दुर्लक्षित शत्रू म्हणजे लाल मुंग्या. एका रात्रीत त्या नुकती फुटलेली पिल्ले खाऊन टाकतात. स्टँडचे चारही पाय पाण्याच्या वाट्यांत ठेवा, वाट्या रोज भरा आणि पिंजरा भिंतीला टेकू देऊ नका. मुंग्यांची पावडर जवळपास टाकायची नाही.

सहा आठवडे आधीपासून खाणे

अंड्याचे कवच मादीच्या हाडातल्या कॅल्शियममधून तयार होते. बजरीगरचे एक अंडे सुमारे दोन ग्रॅमचे. सहा अंडी म्हणजे १२ ग्रॅम, तिच्या वजनाचा जवळजवळ तिसरा हिस्सा, आणि तेही साधारण अकरा दिवसांत. अंडे दिसल्यावर कॅल्शियम सुरू करणे म्हणजे उशीर. मटकीच्या सहा आठवडे आधी तयारी सुरू होते.

मुख्य दाणा राळे, बाजरी आणि कॅनरी सीड यांचा असावा. बजरीगर दिवसाला ६ ते ८ ग्रॅम खातो, म्हणजे जोडीला महिन्याला अर्धा किलो. पिल्ले असताना याच्या दुप्पट-तिप्पट. कॉकटीलला १५ ते १८ ग्रॅम, त्यात करडई आणि सूर्यफूल मिळून दहाव्या हिश्शापेक्षा जास्त नको. आवडते म्हणून देत गेलात तर यकृताला चरबी धरते.

फक्त दाण्यावर पैदास होत नाही. आठवड्यातून तीन दिवस मोड आलेले मूग द्या: आठ तास भिजवा, धुवा, निथळून बारा-चोवीस तास ठेवा, देण्याआधी पुन्हा धुवा. आंबूस वास आला की फेकून द्या. उकडलेले अंडे कवचासकट बारीक करून, जोडीला एक चमचा, आठवड्यातून दोनदा. पिल्ले आल्यावर रोज. ते दोन तासांत उचलून घ्यायचे, मे महिन्यात तासाभरात. शेवग्याचा पाला, कोथिंबीर, मेथी आणि किसलेले गाजर चालते. पालक कधीतरीच, कारण त्यातले ऑक्झॅलेट कॅल्शियम अडवते. अवोकाडो, चॉकलेट, चहा, कांदा, लसूण आणि खारे पदार्थ अजिबात नाहीत.

समुद्रफेस, म्हणजे माकूळ (कटलफिश) या सागरी जिवाचे पांढरे, हलके हाड, पिंजऱ्यात कायम अडकवलेला हवा. कोकण किनाऱ्यावर तो फुकट मिळतो. दोन-तीन दिवस गोड्या पाण्यात, पाणी बदलत भिजवून, मग कडक उन्हात वाळवला की वापरायला हरकत नाही. कॅल्शियम अंगी लागायला ड-३ जीवनसत्त्व लागते आणि ते उन्हातून मिळते. खिडकीच्या काचेतून आलेले ऊन त्या कामाचे नाही. सकाळचे कोवळे ऊन वीस-तीस मिनिटे, अर्धा पिंजरा सावलीत ठेवून द्या.

हंगाम कोणता धरायचा?

हे पक्षी वर्षभर अंडी घालतील, पण आपल्या हवेत सप्टेंबरअखेर ते फेब्रुवारी हा काळ सोयीचा. विदर्भ-मराठवाड्यात मार्चच्या मध्यापासून मटकीतली उष्णता पिल्लांना सोसत नाही, आणि कोरड्या हवेने अंड्यातला पडदा सुकून तयार पिल्लू कवचातच मरते. कोकण आणि मुंबईत उलट त्रास: पावसाळ्यात दाण्याला आणि मटकीतल्या भुशाला बुरशी येते. जून ते ऑगस्ट दाणे थोडे थोडे आणा आणि हवाबंद डब्यात ठेवा. कुबट वास आलेला दाणा धुऊन-वाळवूनही देऊ नका. बुरशीचे विष धुऊन जात नाही. आर्द्रता ५० ते ६५ टक्के असावी. दिवाळी मध्ये येते. बार उडत असताना अंड्यावरची मादी दचकून उठते आणि अंडी तुडवली जातात. ज्या गल्लीत फटाके जोरात वाजतात तिथे दिवाळी उरकल्यावरच सुरुवात करावी.

आता मटकी, किंवा त्याहून बरी पेटी

मटकी स्वस्त आहे आणि उन्हाळ्यात थंड राहते. पण तिचे तोंड वरून उघडता येत नाही, आतले पिल्लू पाहायला हात वाकडा घालावा लागतो, आणि गुळगुळीत मातीवर पिल्लांचे पाय फाकतात. फाकलेले पाय पहिल्या आठवड्यात मऊ पट्टीने जवळ बांधले तर सुधारतात, तीन आठवड्यांनंतर नाही. मटकीच वापरायची असेल तर तळाशी लाकडाच्या जाडसर किसाचा थर द्या.

लाकडी पेटी चांगली. बजरीगरसाठी ९ इंच लांब, ६ रुंद, ६ उंच. दीड इंचाचे भोक एका टोकाला आणि तळाला दुसऱ्या टोकाकडे खोलगट वाटी, म्हणजे आत उडी मारणारी मादी अंड्यांवर पडत नाही. कॉकटीलला बारा इंचांची चौकोनी पेटी, अडीच-तीन इंचांचे भोक. तळाशी बजरीगरला दोन-तीन, कॉकटीलला पाच-सहा सेंटिमीटर लाकडाचा जाडसर कीस. सुताराकडचा बारीक भुसा नको. त्यात प्लायवूडचा गोंद असतो आणि तो नाकात जातो. पेटी पिंजऱ्याच्या बाहेरून लावा, म्हणजे झाकण उघडून पाहता येते.

जोडी एकत्र येऊन दोन-तीन आठवडे झाले, नर मादीला भरवतो आहे, दोघे शेजारी बसतात, वजन ठीक आहे, हे सगळे दिसल्यावरच पेटी लावायची. उजेड १२ ते १४ तास, ठरावीक वेळेला.

अंडी ते पिल्ले

अंडी साधारण दिवसाआड पडतात. बजरीगरमध्ये मादी एकटी बसते आणि नर तिला भरवतो; कॉकटीलमध्ये दिवसा नर, रात्री मादी अशी पाळी असते. बजरीगरचे अंडे सुमारे १८ दिवसांत फुटते, कॉकटीलचे १८ ते २१. अंड्यांवर पेन्सिलीने नाही, मऊ स्केच पेनने क्रमांक घाला. बसायला लागल्यापासून सात दिवसांनी अंधारात मोबाइलची टॉर्च लावली की भरलेल्या अंड्यात लाल शिरांचे जाळे दिसते. रिकामी अंडी लगेच काढून टाकू नका. मादी कमी झालेली अंडी भरून काढायला नवी घालते. सगळीच रिकामी असतील तर ती आपणहून सोडेपर्यंत, म्हणजे तीनेक आठवडे, राहू द्या.

पिल्ले दिवसाआड फुटतात, म्हणून पहिले आणि शेवटचे यांत दहा दिवसांचे अंतर पडू शकते. धाकटे चिरडले जाते किंवा उपाशी राहते. दिवसातून एकदा, मादी बाहेर आल्यावर पाहा. पिल्लाच्या गळ्याखाली क्रॉप, म्हणजे अन्नाची पिशवी असते. ती फुगलेली दिसली तर पोट भरले आहे. संध्याकाळी रिकामी दिसली तर धोका. त्याच वयाची पिल्ले असलेली दुसरी जोडी असेल तर धाकटे तिकडे ठेवता येते, म्हणून दोन जोड्या एकाच आठवड्यात लावणे उपयोगी पडते. पिल्लांच्या चोचीत आणि नखांवर विष्ठेचा गोळा सुकतो; कोमट पाण्याने भिजवून काढा, ओढून नाही. कीस आठवड्यातून एकदा बदला, तिसऱ्या आठवड्यापासून दोनदा.

हाताने भरवण्याच्या भानगडीत नवशिक्याने पडू नये. खीर ३९ ते ४१ अंश हवी. गार झाली तर क्रॉपमध्ये आंबते, ४३ च्या पुढे गेली तर क्रॉप भाजून भोक पडते, आणि सिरिंज चुकीच्या कोनात गेली तर खीर फुप्फुसात. माणसाळलेले पिल्लू हवे असेल तर आई-बापांनाच भरवू द्या आणि तिसऱ्या आठवड्यापासून रोज पाच-दहा मिनिटे पिल्लू हातात घ्या. जवळजवळ तेवढेच माणसाळते.

बजरीगरची पिल्ले ३० ते ३५ दिवसांत पेटीबाहेर येतात, कॉकटीलची चार-पाच आठवड्यांत. बाहेर आले म्हणजे स्वतः खाऊ लागले असे नाही. बाप अजून भरवत असतो. बजरीगर सहा आठवड्यांचा, कॉकटील आठ-नऊ आठवड्यांचा होईपर्यंत वेगळे करू नका, आणि केल्यावर पुढचे तीन दिवस रोज वजन घ्या. दहा टक्क्यांहून जास्त उतरले तर परत बापाकडे. दाणे चोचीत घोळवणारे पिल्लू खात असल्यासारखे दिसते, पण तळाला फोलपटे पडतात का ते पाहिल्याशिवाय विश्वास ठेवू नये.

अंडे अडकणे

मादी एकाएकी पिसे फुगवून तळाशी बसते, शेपूट वर-खाली हलवते, जोर लावते, कधी पायही लुळे पडतात. हे अंडे अडकल्याचे लक्षण. कारणे बहुतेक वेळा वर येऊन गेलेलीच: कोवळे वय, कॅल्शियमचा अभाव, लठ्ठपणा, थंडी, किंवा सलग तिसरी-चौथी खेप. जानेवारीतल्या थंड पहाटे असे प्रकार जास्त होतात.

तिला छोट्या खोक्यात टॉवेलवर ठेवा, आतले तापमान ३० ते ३२ अंश राहील असा दिवा एका बाजूने लावा, जवळ गरम पाण्याची वाटी ठेवून हवा ओलसर करा, खोक्यावर कापड टाका आणि डॉक्टरांना फोन करा. पोट दाबायचे नाही, बोटाने अंडे शोधायचे नाही. आत अंडे फुटले तर कवचाने आतडे आणि अंडनलिका फाटते. एरंडेल तेल चोचीतून पाजण्याचा सल्ला अजूनही फिरतो. त्याने अंडे सुटत नाही, तेल मात्र श्वासनलिकेत जाऊ शकते. काही तासांत अंडे आले नाही तर वाट पाहू नका. एकदा अडकलेल्या मादीला किमान वर्षभर पेटी द्यायची नाही. दुसऱ्यांदा अडकले तर कायमचीच नाही.

थांबवायचे कसे

पहिली पिल्ले बाहेर यायच्या आतच बजरीगरची मादी दुसरी अंडी घालू लागते, आणि त्या घाईत पिल्लांची पिसे उपटते किंवा त्यांना चावते. असे दिसले तर पिसे फुटलेली पिल्ले बापासोबत शेजारच्या पिंजऱ्यात हलवा, तो भरवतो. दुसऱ्या खेपेची पिल्ले बाहेर पडली त्याच दिवशी पेटी काढा. पेटी रिकामी करून १ भाग ब्लीच आणि ३० भाग पाण्याने धुवा, स्वच्छ पाण्याने खळबळा, दोन दिवस उन्हात ठेवा.

पेटी काढूनही मादी दाण्याच्या भांड्यात किंवा तळाशी अंडी घालते. तेव्हा उजेड दहा तासांवर आणा, अंड्याचे खाणे आणि मोड बंद करा, समुद्रफेस ठेवा, काठ्यांची जागा बदला. एवढ्याने भागले नाही तर नर आणि मादी सहा महिने वेगळे, आणि तेही एकमेकांना न दिसतील असे. नर शेजारच्या पिंजऱ्यात दिसत आणि ऐकू येत राहिला तर काही माद्या तशाही घालत राहतात. या सहा महिन्यांत तिचे वजन पंधरवड्याला नोंदवा. पैदाशीआधीचा आकडा परत आला नसेल, तर पुढच्या सप्टेंबरची तारीखही पुढे ढकला.